ब्रेकखालचा नारळ

ब्रेक दबेना.

परळच्या जुन्या पुलाचा चढ संपवून आमची टॅक्सी नुकती उताराला लागली होती. नवऱ्याने पाय दिला, पेडल थोडं खाली गेलं आणि अडलं. त्याने पुन्हा पाय दिला. पुन्हा तेवढंच.

"दबत नाय गो," तो म्हणाला.

ओरडला नाही. आमटीत मीठ नाही असं सांगावं, तशा आवाजात म्हणाला. त्या आवाजानेच मी घाबरले. एरवी सिग्नल सुटल्यावर पुढचा टेंपो जरा हलायला उशीर झाला, तरी हा माणूस त्याच्या सात पिढ्या काढायचा.

दसऱ्याची सकाळ होती. पुलाच्या पायथ्याशी फुलवाल्या बसल्या होत्या. झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या जुड्या, आणि त्यांच्यापुढे पिशव्या घेऊन वाकलेली माणसं. मागच्या सीटवर आमची शेजारीण होती. तिला इस्पितळात डायलिसिसच्या मशीनवर पोचवायचं होतं आणि ते त्याच सकाळी व्हायला हवं होतं. गाडीला हँडब्रेक होता, पण नावाला. चढउतारावर गाडी उभी करायची तर नवरा खाली उतरून चाकाला वीट लावायचा. वीट डिकीत होती.

त्याने गिअर खाली टाकला. इंजिन किंचाळलं, गाडी जरा मागे ओढल्यासारखी झाली, पण उतार तिला सोडत नव्हता.

मी समोर पाहिलं. जुन्या टॅक्सीत डॅशबोर्डच्या खाली एक लांब उघडा खण असतो. त्यात सकाळी दोन नारळ ठेवले होते, लाल फडक्यात बांधलेले. आता एकच होता.

मला कळलं दुसरा कुठे आहे ते. पण कळणं आणि हात हलणं यांच्यामध्ये काहीतरी झालं. गाडी खाली चालली होती आणि मला मात्र ती तरंगते आहे असं वाटत होतं. आवाज लांब गेले. बाजूला, जिथे पूर्वी गिरणी होती, तिथे आता काचेची उंच इमारत आहे. तिच्या काचांवरून एक काळी-पिवळी टॅक्सी सरकत होती. टपावर सामानाचं कॅरिअर, पुढे झेंडूचा हार, आणि खिडकीशी एक म्हातारी बसलेली. मी तिच्याकडे बघत राहिले. कोण ही बाई, एवढी नटूनथटून कुठे निघाली, असं माझ्या मनात आलं. उताराच्या तळाशी सगळं पिवळं दिसत होतं, उन्हात तळं पसरल्यासारखं. आपण त्या तळ्यात शिरणार आणि पलीकडून कोरडे निघणार, असं काहीतरी वाटलं. मरणाच्या तोंडाशी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला काही आठवला नाही. मला गाडीच आठवली.

आमच्या घरात नवी कोरी आलेली ती एकच वस्तू. कपाट, पंखा, पलंग, सगळं कुणीतरी वापरून सोडलेलं. माझा नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्याबरोबरचे बरेच जण गावाला गेले. हा दुसऱ्याची टॅक्सी भाड्याने चालवू लागला. पुष्कळ वर्षांनी स्वतःची आली. चाळीखाली उभी केली तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मी खाली उतरले नाही. वर उभी राहून तांदूळ निवडत होते. मला त्या गाडीचं कौतुक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आता हा माणूस घरी कमी आणि हिच्यात जास्त राहणार. तसंच झालं.

गिअर स्टेअरिंगच्याच दांड्याला होता, म्हणून पुढची सीट एकसंध, सोफ्यासारखी. मधे काही आड येत नसे. छताला आतून फुलाफुलांचं रेक्झिन चिकटवलेलं. सीटची कव्हरं मी शिवली, टॉवेलच्या कापडाची, म्हणजे घाम टिपला जाईल आणि मोरीत घासून धुता येतील. डावीकडचं मागचं दार जरा वर उचलल्याशिवाय लागत नसे. अनोळखी गिऱ्हाईक ते धाडकन आपटायचं आणि नवऱ्याचा चेहरा आपल्याच गालावर चपराक बसल्यासारखा व्हायचा.

दुपारी तो रे रोडच्या बाजूला, लाकडाच्या वखारींपाशी गाडी लावून जेवायचा. तिथे सावली मिळते. कधीतरी मी डबा घेऊन जायची. तो जेवून पुढच्या सीटवर आडवा व्हायचा, पाय खिडकीबाहेर. मी मागे बसायची, गिऱ्हाइकासारखी. करवतीचा आवाज चालू असायचा, एकसुरी, थांबून थांबून. हवेत भुसा तरंगायचा, उन्हात सोन्यासारखा दिसायचा. ताज्या कापलेल्या लाकडाला ओलसर, गोडसर वास असतो. त्या वासात मला झोप लागायची. घरी मला दुपारची झोप कधी आली नाही. त्या सीटवर यायची, आणि स्वप्नातही गाडी उभीच असायची, फक्त बाहेरची वखार हळूहळू मागे जायची. जागी झाले की कळायचं नाही आपण पोचलो की अजून निघायचंय.

कधी रविवारी संध्याकाळी धंदा मंद असला की तो मला फिरवायचा. ठाकूरद्वारवरून खाली समुद्राकडे, तिथून वळसा घालून गिरगाव, मग घरी. बोलायचं काही नाही. दिवे लागायची वेळ असायची. दुकानं, देवळं, माणसं, सगळं काचेवरून वाहत जायचं. मी चौथी शिकलेली बाई. मुंबई पायी पाहिली ती बाजारापुरती. बाकी सगळी त्या खिडकीतून पाहिली, म्हणून मला हे शहर आठवतं ते सरकतानाच. एखादी गोष्ट एका जागी उभी राहिलेली मला आठवतच नाही.

बोलायचं नाही, हा नियम होता. गाडी नवी असताना एकदा मी म्हटलं होतं, "सावकाश हो." त्याने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि माझ्याकडे वळला.

"गाडी मी चालवतंय की तू?"

"तुम्ही."

"मग तू पुढे बघू नको. बाजूक बघ."

तेव्हापासून मी बाजूला बघितलं. सगळी वर्षं. घरात मी त्याला हवं ते सुनावते. कोणत्या दुकानातून काय आणायचं, कोणाच्या लग्नाला जायचं, कोणाच्या नाही, सगळं माझं चालतं. पण गाडीचं दार लागलं की मी गप्प. समोर बस आडवी आली तरी गप्प. त्याचंही बरोबर असेल. दोघांनी मिळून चालवायची वस्तू नाही ती.

गाडी म्हातारी झाली तशी तिला माणसासारख्या खोडी लागल्या. सकाळी सुरू व्हायला कां-कू करायची. दिवे लावले की हॉर्न बारीक व्हायचा. नवरा तिच्याशी बोलायचा. माझ्याशी बोलायचा त्यापेक्षा गोड बोलायचा. आणि मग तिची मुदत आली. टॅक्सीला वयाची हद्द असते. ती झाली की गाडी धावत असो की नसो, भंगारात द्यावी लागते. आमच्या गाडीची हद्द त्याच महिन्याच्या अखेरीला संपत होती.

"माणसाक मर्यादा नाय, गाडयेक आसा," नवरा म्हणायचा.

"माणसाला पण असायला हवी," मी म्हणायची. "निदान बडबड करायला."

शेजारीण आमच्या समोरच्या खोलीतली. आम्ही दोघी एकाच सुमाराला लग्न होऊन त्या चाळीत आलो. ती शिकलेली, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली. तिचा नवरा लवकर गेला, मूल नाही. ती बौद्ध, आम्ही कोकणातले, देवाला गाऱ्हाणी घालणारे. त्यावरून तिची आणि माझ्या नवऱ्याची रोजची जुंपायची आणि दोघांनाही त्यात मजा यायची. ती त्याला भाऊ म्हणायची, मला वैनी. मी तिला बाई म्हणायची.

तिची मूत्रपिंडं गेली तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तिला परळच्या इस्पितळात डायलिसिसला जावं लागायचं. नवरा तिला न्यायचा. कोणी त्याला सांगितलं नाही, त्यानेही कोणाला विचारलं नाही. पहिल्या दिवशी दार उचलून लावलं आणि म्हणाला, "बाय, ह्या दाराक आपटू नको, बस." पुढे तसंच चालू राहिलं. मी सोबतीला पुढे बसायची.

त्या दसऱ्याच्या आधीची पाळी तिने चुकवली होती. भाचीचा साखरपुडा होता, तिथे नटून बसायचं होतं तिला. मी ओरडले होते. ती म्हणाली होती, "एक दिवस मशीन नाही बघितलं तर काय मशीन रडणार आहे?" मशीन रडलं नाही, पण हिचे पाय सुजले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला जिना चढता येईना. दोन वाक्यं बोलली की दम लागायचा. डॉक्टरने फोनवर सांगितलं, उद्या सकाळी आणाच, उशीर नको. म्हणून त्या सकाळी ती गाडीत होती.

नवऱ्याने पहाटेच गाडी धुतली होती. शेवटचा दसरा म्हणून हार जरा जाड आणला होता. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि गाडीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं. आमच्यात दरवर्षी गाडीला राखणीचा नारळ ठेवतात. लाल फडक्यात बांधायचा, शेंडी काढायची नाही, आणि वर्षभर समोर ठेवायचा. वर्ष झालं की जुना समुद्रात सोडायचा. आमच्या गाडीच्या खणात नारळासाठी कापडाची चुंबळ केलेली होती. तिच्यात तो घट्ट बसायचा. इतकी वर्षं कधी हलला नव्हता.

त्या वर्षी त्याने दोन नारळ आणले.

"दुसरो कसलो?" मी विचारलं.

"बायसाठी."

शेजारीण तोवर जिन्याच्या कठड्याला धरत धरत खाली आली होती. पांढरी साडी नेसली होती. दसऱ्याला त्यांचाही मोठा दिवस. एरवी ती सकाळीच विहारात गेली असती. तिने नारळ बघितला.

"भाऊ, हे काय?"

"तुझी राखण."

"मला डॉक्टरनं नारळ बंद केलाय."

"खावक नाय गो. राखणेक."

"माझा विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे."

"तुझो नाय तर नाय. माझो आसा ना. गाडी माझी."

ती हसली, आणि हसता हसता तिला दम लागला. मग ती गाडीला टेकून उभी राहिली आणि त्याचं गाऱ्हाणं ऐकलं. तो म्हणाला, "रे देवा महाराजा, ह्या बायची मशीन सुटांदे, तिका पायार चलत घरी येऊंदे." "व्हय महाराजा" म्हणायला आमच्यातलं कोणी नव्हतं, म्हणून मी एकटीच म्हणाले. वरच्या गॅलरीतून कोणीतरी हसलं. शेजारीण हसली नाही.

त्याने पहिला नारळ चुंबळीत बसवला आणि दुसरा त्याच्या बाजूला नुसताच ठेवला.

मागच्या सीटवर बसताना तिने पुढे वाकून बघितलं. "भाऊ, तो दुसरा गडगडेल हां."

"देवाचो नारळ गडगडणा नाय."

"देवाचा असेल. पण गोल आहे."

चाकाखालची लिंबं चिरडून गाडी निघाली. मी नियमाप्रमाणे बाजूला बघत बसले. पुलाचा चढ लागला, माथा आला, मग उतार. आणि ती म्हणाली होती तसा तो गडगडला, चढावर खणातून खाली आणि उतारावर पेडलखाली.

हे सगळं मला त्या उतारावर दिसलं असं मी म्हणणार नाही. पण आता तो उतार आठवते तेव्हा हे सगळं त्याच्यात असतं, एकात एक, धुतलेल्या गाडीच्या काचेत रस्ता दिसतो तसं. करवतीचा आवाज ऐकू येतो. ते इंजिनच असणार.

मग मागून शेजारणीचा आवाज आला, दम लागलेला. "वैनी, खाली बघ."

मी खाली वाकले. वाकले म्हणजे सीटवरून घसरून सरळ गाडीच्या तळाशी गेले, डोकं नवऱ्याच्या गुडघ्याशी. पुढची सीट एकसंध होती म्हणून जमलं. खाली अंधार होता, रबराच्या मॅटचा आणि तेलाचा वास होता. त्याची चप्पल दिसली. चपलेखाली पेडल आणि पेडलखाली लाल फडकं. नारळ मागे बरोबर कोपऱ्यात जाऊन बसला होता आणि नवरा जिवाच्या आकांताने पेडल त्याच्यावर दाबत होता. मी नारळाला हात घातला. हलेना. तो जितका दाबत होता तितका नारळ आत रुतत होता.

"पाय काढा," मी म्हणाले.

"काय?"

"ब्रेकवरचा पाय काढा!"

"येड लागला काय तुका?"

उतारावर सुटलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला ब्रेकवरून पाय काढ म्हणून सांगणारी बाई वेडीच. त्याच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं. तो हॉर्न दाबून धरत होता, तो बारीक पिपाणीसारखा वाजत होता, आणि बाहेरून बायकांचं ओरडणं आता जवळ आलं होतं. मला वरचं काही दिसत नव्हतं. मला फक्त त्याचा पाय दिसत होता. नखं वाढलेली, टाचेला भेगा. रोज बघितलेला पाय.

मी त्याच्या पोटरीवर जोरात गुद्दा मारला. "नारळ आहे खाली! पाय काढ!"

"भाऊ," मागून शेजारीण म्हणाली, "तिचं ऐका. काढा पाय."

त्याने पाय काढला.

तेवढा वेळ गाडी मोकळी होती. तिला कोणीच धरलेलं नव्हतं, झोपाळा वरून सुटतो तशी ती सुटली होती. नारळाभोवतीचं फडकं सुटलं होतं. शेंडी हाताला लागली. आयुष्यभर नारळ सोललेत मी. शेंडी मुठीत धरली, पिळली आणि ओढली. नारळ बाहेर आला आणि माझ्या छातीवर आदळला.

"दाब!"

त्याने दाबला.

पहिल्यांदा टायरचा आवाज आला. मग गाडी डावीकडे वळली, एक चाक फुटपाथवर चढलं, कशाला तरी धाडकन लागलं आणि सगळं थांबलं. हॉर्न वाजतच होता. त्याचा अंगठा बटणावरून सरकला तेव्हा तोही थांबला.

मी खालीच होते, पाय सीटवर, डोकं पेडलपाशी. वरून काहीतरी माझ्या अंगावर पडायला लागलं, मऊ, ओलं. उघड्या खिडकीतून झेंडूची फुलं आत आली होती. पुढून वाफ येत होती आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत आणि वरून कोणीतरी फुलं सोडतंय. असं थोडा वेळ पडून राहायला माझी हरकत नव्हती.

"डोळे फुटले का रं म्हाताऱ्या?" बाहेर एक बाई ओरडत होती. "फुलं काय तुझ्या बापाची हायत?"

त्या बाईने खिडकीतून आत डोकावलं. तिला माझे पाय वर आणि डोकं खाली दिसलं.

"आगं बया. ही मेली का काय?"

"नाही," मी म्हणाले.

"मग उठ की!"

तिने आणि आणखी एका बाईने मला ओढून बाहेर काढलं. तिची टोपली चाकाखाली गेली होती, एक ढीग पसरला होता, आणि ती वेळेवर उडी मारून बाजूला झाली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. गिऱ्हाइकांतही कोणाला लागलं नव्हतं. हॉर्न ऐकून लोक पांगले होते. माझ्या छातीवर नारळाएवढा काळानिळा डाग पडला. नवऱ्याच्या अंगावर काही नव्हतं, पण त्याला स्टेअरिंगवरून हात काढता येईनात. फुलवालीने त्याची बोटं एकेक करून सोडवली. ते करताना तिची बडबड चालूच होती. कोणत्या गावचा, वय काय, या वयात कशाला गाडी हाकतो, घरात सून नाही का खायला घालायला.

शेजारीण मागे तशीच बसली होती. पांढऱ्या साडीभर झेंडूच्या पाकळ्या.

"बाई, लागलं का?"

तिने मान हलवली. बोलायला दम नव्हता. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ निळसर. अपघातापेक्षा मला त्या ओठांची जास्त भीती वाटली. मी रस्त्यात जाऊन उभी राहिले आणि पहिली टॅक्सी आली ती अडवली. नवी टॅक्सी, गुळगुळीत दारं. आम्ही तिला आत बसवलं. नवरा जागचा हलला नाही. तो गाडीपाशी उभा होता, बॉनेटवर हात ठेवून, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी त्याला म्हणाले, "मी जाते हिला घेऊन. तुम्ही इथे थांबा." तो म्हणाला, "होय." मी नवऱ्याला सांगितलं आणि त्याने होय म्हटलं, असं रस्त्यावर पहिल्यांदा झालं. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

इस्पितळ अगदी जवळ होतं. तिला आत घेतलं, मशीनला लावलं. मी बाजूच्या स्टुलावर बसले. नळीतून रक्त बाहेर जातं आणि फिरून परत येतं. ते गरगर फिरणारं चाक बघत बसलं की डोळे जड होतात. मला पेंग आली. पेंगेत पुन्हा रे रोडची वखार आली, भुसा, ऊन, खिडकीबाहेर काढलेले पाय. मग सिस्टरचा आवाज आला.

"आजी, नारळ बाहेर ठेवा. इथे चालत नाही."

मी खाली बघितलं. नारळ माझ्या मांडीवर होता. मुठीत अजून शेंडीचे धागे होते. रस्त्यातून, टॅक्सीतून, जिन्यावरून मी तो घेऊन आले होते आणि मला पत्ता नव्हता.

"राहू दे सिस्टर," शेजारीण म्हणाली. तिच्या आवाजात जरा जीव आला होता. "माझा आहे तो."

सिस्टर गेली.

"डॉक्टर म्हणालाच होता," ती म्हणाली, "नारळापासून लांब राहा."

मी हसले तसा छातीत जिथे लागलं होतं तिथे चमकलं. ती पण हसली. मशीनने कसलीतरी शिट्टी मारली तशा दोघी गप्प झालो.

"भाऊंना अरे-तुरे केलंस गं आज."

"तू काय ऐकत बसली होतीस तेव्हा?"

"दुसरं काय करणार? मागे बसलेल्या माणसाला काय काम असतं?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांनी पाय काढला मात्र. मला नव्हतं वाटलं काढतील."

"मलाही नव्हतं वाटलं."

संध्याकाळी ती पायी जिना चढून घरी गेली. नवऱ्याने गाऱ्हाण्यात मागितलं होतं तसंच, पण मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. नाहीतर तो आणखी चार नारळ घेऊन आला असता.

गाडीचा रेडिएटर फुटला होता, पुढचा अॅक्सल वाकला होता. ओढून आणली. मेकॅनिक म्हणाला, करून देतो, पण तिला आता किती दिवस उरलेत? नवऱ्याने नको म्हटलं. महिनाअखेरीला भंगारवाले आले. त्यांनी ती उचलून नेली तेव्हा मागचं दार लटकत होतं. त्यांना ते उचलून लावायचं माहीत नव्हतं. नवरा ओरडून सांगणार होता, मग गप्प राहिला. सीटची कव्हरं मी आधीच काढून घेतली होती. त्यांची पायपुसणी केली.

नारळाचं काय करायचं यावर घरात वाद झाला. तो म्हणाला समुद्रात सोडायचा, देवाने वाचवलं. मी म्हटलं, "देवाने नाही, शेंडीने. आणि ब्रेकखाली घातला होता तोही देवानेच." तो रात्रभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी नारळ फोडला आणि वाटणात घातला. खोबरं गोड निघालं. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "माझा नारळ आणि मलाच नाही?" मी बोटाच्या टोकावर थोडी चटणी दिली. तेवढ्याने काही होत नाही.

ती त्यानंतर वर्ष दीड वर्ष गेली-आली, दुसऱ्यांच्या टॅक्सीने. मग एका पावसाळ्यात गेली. मूत्रपिंडानेच गेली, रस्त्याने नाही.

नवरा आहे. आता आम्ही बसने जातो. तो खिडकीशी बसतो, मी बाजूला, आणि बस त्या बाजूच्या कुठल्याही पुलाच्या उताराला लागली की त्याचा उजवा पाय आपोआप पुढे सरकतो आणि बसचा पत्रा दाबून धरतो. मी हल्ली समोर बघते. खाली उतरेपर्यंत काही बोलत नाही. बस खाली पोचते, तो पाय मागे घेतो, आणि बाहेर पुन्हा सगळं सरकायला लागतं.

त्या दसऱ्याला परळच्या पुलावरून उतरलेल्या टॅक्सीत माझा नवरा होता, शेजारीण होती आणि मी होते. तिघंही वाचलो.